एक पाकीट जेनेरिक द्या

यंदा शिंकांचं औषध स्वस्तातलं आणायचं, असं मी ठरवलं, आणि मोठ्या आवाजात घरात जाहीर केलं, इथंच माझं चुकलं. मनातल्या मनात ठरवलं असतं तर निदान माघार तरी घेता आली असती.

आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेनं झाडं आहेत. वर्षातले दहा-अकरा महिने ती गुण्यागोविंदानं उभी असतात. मग एके दिवशी त्यांना मोहोर येतो, खिडकीच्या कठड्यावर पिवळसर भुकटी साचायला लागते आणि माझं नाक माझं राहत नाही. माझी शिंक ही काही साधीसुधी शिंक नव्हे. आधी दोन-तीन वेळा मी आवंढा गिळल्यासारखा वर बघतो, समोरचा माणूस सावध होऊन मागे सरकतो, मग काहीच होत नाही, तो बिचारा पुन्हा पुढे येतो, आणि तेव्हा ती येते. मी पाणीपट्टी भरण्याच्या खिडकीवर बसतो. गेल्या वर्षी माझ्या एका शिंकेला घाबरून एका गृहस्थांनी थकबाकी जागच्या जागी भरली होती. (साहेबांनी मला कौतुकानं चहा पाजला. त्यातही शिंकलो.)

दर वर्षी या दिवसांत बायको माझ्यासाठी एक हिरवं खोकं आणते. त्यातली गोळी घेतली की मी माणसात येतो. पण यंदा ते खोकं कमालीचं महागलं होतं, आणि त्याच सुमारास बायकोनं स्वतःच्या पैशांतून एक माईक घेतला होता. म्हणून म्हटलं, आपणही संसाराला हातभार लावावा.

माईकचं सांगायला हवं. बायको शाळेत शिकवायची. शाळेच्या कार्यक्रमांत सगळ्या घोषणा तिच्याच असायच्या. आवाजच तसा आहे तिचा. ती "दूध उतू जातंय" म्हणाली तरी पुढचं ऐकावंसं वाटतं. नोकरी सुटल्यावर तिनं ठिकठिकाणी आवाजाचे नमुने पाठवले. बरेच महिने कुणी उत्तर दिलं नाही. ती रोज फोन बघायची आणि बघितला नाही असं दाखवायची. आणि मग एका स्टुडिओवाल्या बाईंचा फोन आला. लहान मुलांचं पुस्तक होतं, ते घरी बसून वाचायचं, रेकॉर्ड करायचं आणि पाठवायचं. आवडलं तर पुढची कामंही देऊ, म्हणाल्या. त्या दिवशी बायको भाजीला मीठ घालायला विसरली आणि आम्ही कुणी बोललो नाही.

आम्ही आमच्या बेडरूमचा स्टुडिओ केला. खिडकीला रजया टांगल्या, कपाटाचं दार उघडून त्याला ब्लँकेट लावलं, मध्ये बायको आणि माईक. संगणकाचा पंखा फार घरघरतो म्हणून संगणक बाहेर हॉलमध्ये, आणि वायर दारातून आत. त्यामुळे दार पूर्ण लागायचं नाही, बोटभर फट राहायची. बटण दाबायला बाहेर कुणीतरी हवं. ते काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे राहणाऱ्या सासूबाईंनी या खात्यात फक्त एवढंच केलं की रेकॉर्डिंग चालू असताना कानातलं यंत्र काढून ठेवायचं कबूल केलं. "म्हणजे मी मध्येच काही विचारणार नाही," त्या म्हणाल्या. (यंत्र असताना त्या मध्येच विचारतात, हे त्यांनी प्रथमच मान्य केलं.)

पुस्तकात एक अस्वल होतं. ते गुहेत गाढ झोपलेलं असतं आणि एका छोट्या उंदरीचा चेंडू गडगडत जाऊन नेमका त्याच्या पोटाखाली अडकतो. बायको उंदरीचा आवाज असा काढायची की वाटावं, कपाटातच कुठंतरी आहे. पहिल्या दिवशी उंदरी पाऊल न वाजवता गुहेत शिरली, सगळं चिडीचूप झालं, आणि मी शिंकलो.

"अहो!" आतून आवाज आला. हा उंदरीचा नव्हता.

"सॉरी. पुन्हा घे."

तिनं पुन्हा घेतलं. मी पुन्हा शिंकलो. दुपारपर्यंत उंदरी गुहेच्या दारातून पुढं सरकली नव्हती.

"तुम्ही आधी औषध आणा," बायको रजईतून डोकं बाहेर काढून म्हणाली. "नेहमीचं आणा. उगाच प्रयोग करू नका."

मी मान हलवली आणि प्रयोग करायला निघालो.

कोपऱ्यापलीकडे जेनेरिक औषधांचं एक दुकान उघडलंय, हे ऑफिसात ऐकलं होतं. तेच औषध, पण निम्म्याहून कमी किमतीत मिळतं म्हणे. काउंटरवर चष्मेवाली तरुण मुलगी होती. मी खिशात हात घालून, रोजच येत असल्यासारखा म्हणालो, "एक पाकीट जेनेरिक द्या."

"कशाचं?"

"जेनेरिकचं."

"म्हणजे कोणतं औषध हवंय, काका?"

तिला ऐकू आलं नसावं असं वाटून मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "जे-ने-रिक."

तिनं चष्मा वर सरकवला. "काका, कपड्यांच्या दुकानात जाऊन 'बिनलेबलचं द्या' म्हटल्यासारखं झालं हे. शर्ट हवाय की पँट, ते तरी सांगाल?"

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मी शिंकून वेळ मारून नेली.

"अच्छा, ॲलर्जी," ती म्हणाली. "नेहमी कोणतं घेता?"

"हिरवं खोकं असतं. त्यावर एक बाई फुलांच्या शेतात हात पसरून उभी असते."

"बाई नको, औषधाचं नाव सांगा. खोक्यावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतं, तेच खरं नाव. घरी जुनं खोकं असेल तर फोन करून विचारा ना."

सूचना रास्त होती. मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजला. मग उचलला गेला आणि बायको इतक्या हळू आवाजात बोलली की माझ्या पाठीतून थंड काहीतरी गेलं.

"अस्वल आत्ता कुठं झोपलं होतं. मी स्वतः बटण दाबून, धावत आत जाऊन, पहिल्यांदा सलग तीन पानं बिनचूक वाचली होती."

"अगं, मी फक्त त्या बाईखालचं बारीक नाव..."

"कोणती बाई?"

"खोक्यावरची."

फोन बंद झाला.

"मिळालं नाव?" मुलीनं विचारलं.

"खोकं सापडत नाहीये," मी म्हणालो.

तिनं मग दोन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. "ही घेतली तर सहसा झोप येत नाही, किंवा कमी येते. आणि ही जुन्या पद्धतीची. सगळ्यात स्वस्त, पण झोप फार आणते. रात्री झोपतानाच घ्यायची. घेतल्यावर गाडी चालवायची नाही, यंत्र चालवायचं नाही. बीपी वगैरे काही आहे? दुसरी काही औषधं चालू आहेत?"

आता मी खरं सांगतो. एवढ्या सगळ्या बोलण्यातून माझ्या कानात 'सगळ्यात स्वस्त' एवढे दोनच शब्द शिरले. बाकीचं मी नंतर आठवून आठवून जमवलंय. गाडी माझ्याकडे नाही. यंत्र म्हणाल तर ऑफिसातला स्टेपलर, तो अडकलेला आहे. मी ती स्वस्त पट्टी उचलली आणि आयुष्यात प्रथमच औषधाच्या दुकानातून ताठ मानेनं बाहेर पडलो.

घरी आलो तर बायको शब्दही न बोलता जेवायला वाढत होती. स्टुडिओवाल्या बाईंना ते पुस्तक संध्याकाळपर्यंत हवं होतं. मी मनाशी म्हटलं, रात्री घेतली तर दुपारच्या शिंकांचं काय? आणि पाण्याबरोबर एक गोळी घेऊन टाकली.

सासूबाई मायेनं बघत होत्या. "जावईबापू, नाक किती लाल झालंय तुमचं. थांबा, माझ्याकडे एक पिवळी गोळी आहे. मला घसा खवखवला की मी घेते. अगदी निरुपद्रवी."

"घेतली मी एक, आई. जेनेरिक."

"ती जेनेरिक आहे ना? ही चांगल्या कंपनीची आहे," असं म्हणून त्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. सासूबाईंना नाही म्हणणं मला संसाराच्या सुरुवातीपासून जमलेलं नाही. तीही घेतली.

दुपारी आम्ही पुन्हा कामाला लागलो. बायको रजयांत शिरली, सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून पाकिटात ठेवलं, मी हॉलमधल्या खुर्चीवर दाराच्या फटीशी बसलो आणि बटण दाबलं. (संगणक हेही यंत्रच असतं, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं.) नाक एकदम शांत होतं. अभिमानानं छाती भरून आली. उंदरी गुहेत शिरली. मी शिंकलो नाही. उंदरी अस्वलाच्या पोटापर्यंत पोचली. मी शिंकलो नाही. उंदरी म्हणाली, "अस्वलकाका, अहो अस्वलकाका..." आणि तो आवाज मला फार लांबून, फार गोड ऐकू आला. त्यापुढचं काही मला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते. माझ्या अंगावर चादर होती. मानेखाली उशी होती. बायको समोर बसून चहा पीत होती आणि तिचा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, मी दुसऱ्याच कुणाच्या घरी झोपलो.

"झालं सगळं पुस्तक! एका दमात! एकही शिंक नाही. मी बाहेर आले तर तुम्ही दमून झोपलेले. उठवलं नाही. घाईत होते, ऐकत बसले नाही, पाठवूनच दिलं." मग जरा लाजून म्हणाली, "तुम्ही फार केलंत हो माझ्यासाठी."

मी नम्रपणे चादर नीट केली.

सकाळी स्टुडिओवाल्या बाईंचा फोन आला. बायकोनं आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. सासूबाईंनी यंत्र कानात घालून खुर्ची पुढं ओढली.

"ऐकलं मी," बाई म्हणाल्या. "तुमचा आवाज सुंदर आहे. आणि अस्वलाचं घोरणं! अप्रतिम. इतकं खरं वाटतं, कसं केलंत हो?"

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी सासूबाईंकडे बघायला लागलो.

"फक्त एक अडचण आहे," बाई पुढं म्हणाल्या. "अस्वल उठतं, नदीवर जातं, आंघोळ करतं, उंदरीशी चेंडू खेळतं, तरी घोरणं चालूच आहे. शेवटी तर उंदरीची आईसुद्धा घोरत घोरत बोलते."

सासूबाईंनी कानातलं यंत्र हळूच काढून ठेवलं.

"असं हे नाही वापरता येणार, ताई. परवापर्यंत पुन्हा पाठवा. नाही जमलं तर मला दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावं लागेल. आमचीही तारीख ठरलीय."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, आता बायको ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माईकची वायर गुंडाळायला घेतली.

"तुला ऐकू नाही आलं?" मी शेवटी विचारलं.

"आलं होतं काहीतरी. मला वाटलं, खाली पाण्याचा पंप चालू झालाय." मग म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा आवाज मागितला होता. त्यातही तुमचाच आवाज गेला."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. म्हणूनच ते मला जेवताना, आंघोळ करताना आणि ऑफिसात पाणीपट्टी घेताना ऐकू येत राहिलं. एका बाईंना मी सुट्या पैशांबरोबर माझा रुमालही परत केला.

ऑफिस सुटल्याबरोबर मी त्या दुकानात गेलो. माझी पट्टी आणि सासूबाईंच्या पिवळ्या गोळ्यांची पट्टी, दोन्ही काउंटरवर ठेवली, आणि त्या मुलीला सगळं सांगितलं. अस्वलासकट. तिनं हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही फार मनापासून केलेला नव्हता.

"दोन्ही एकाच वेळी घेतल्यात?"

"एक जेनेरिक होती, एक चांगल्या कंपनीची."

"काका, नाव वाचा. बारीक अक्षरांतलं."

मी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वाचलं. मग दुसरी पट्टी वाचली. मग पुन्हा पहिली.

"हे तर एकच आहे."

"एकच औषध. तुम्ही दुप्पट घेतलंत आणि तेही दुपारी. झोपेवर निभावलं म्हणून बरं. पुन्हा असं करू नका. दोन पट्ट्या एकत्र घेण्याआधी ही नावं बघायची किंवा मला विचारायचं." मग तिनं आदल्या दिवशीची ती दुसरी पट्टी काढली. "ही घ्या. दिवसातून एकच. शिंकाही थांबतील, डोळ्यांतलं पाणीही. आज संध्याकाळीच घेऊन बघा, झोप येते का ते कळेल. एखाद्याला हिनंही येते. सकाळी खिडक्या बंद ठेवा, बाहेरून आलात की तोंड धुवा. आणि एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे नाही."

"ही महाग असेल ना?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली, पण विचारलं.

"तीही जेनेरिकच आहे, काका. दोन्हींत एका चहाचा फरक आहे."

म्हणजे एका चहापायी मी बायकोचा स्टुडिओ बुडवायला निघालो होतो. त्या मुलीनं मागितले तेवढे पैसे मी मुकाट्यानं दिले आणि "आलोच" म्हणून समोरच्या टपरीवरून तिच्यासाठी चहा आणला. तिनं तो घेतला. म्हणाली, "आता फरक फिटला."

त्या संध्याकाळी गोळी घेतली आणि जागा राहतो का ते बघायला सासूबाईंकडून त्यांच्या माहेरच्या सगळ्या आठवणी ऐकल्या. पूर्ण जागा राहिलो. याहून कडक चाचणी प्रयोगशाळेतसुद्धा होत नसेल.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढली. खिडक्या बंद केल्या, तोंड धुतलं, दाराशी बसलो आणि बटण दाबलं. बायकोनं सुरुवात केली. मध्येच एकदा नाकाच्या शेंड्याशी काहीतरी वळवळलं, मी वर बघितलं, सासूबाईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली, आणि ते जसं आलं तसं निघून गेलं.

तोवर मी ती गोष्ट तुकड्यातुकड्यांत शंभरदा ऐकली होती, पण सलग अशी कधीच नाही. एकदा शिंकत होतो, एकदा झोपलो होतो. अस्वल जागं होतं तेव्हा उंदरी घाबरते, पण पळत नाही, कारण चेंडू तिच्या धाकट्या भावाचा असतो. बायकोनं त्या जागी आवाज इतका लहान केला की माझं बोट बटणावरच राहिलं. एवढी वर्षं हा आवाज माझ्या घरात होता आणि मी त्याला 'पेपर कुठंय' आणि 'चष्मा कुठंय' एवढंच विचारत आलो होतो. त्या मुलीनं सांगितलं होतं की या गोळीनं डोळ्यांतलं पाणीही थांबेल. ते मात्र थांबलं नाही.

सासूबाईंनी खुणेनं विचारलं, "ॲलर्जी?"

मी खुणेनंच म्हटलं, "हो."

पुस्तक संपलं, मी बटण दाबून बंद केलं. या वेळी आम्ही तिघांनी ते आधी ऐकलं. सासूबाईंनी तर दोनदा. मग पाठवलं. रात्रीचं जेवण होतंय तोच स्टुडिओवाल्या बाईंचा फोन.

"ताई, सुरेख! हेच हवं होतं. पुढचं पुस्तक उद्या पाठवते." बायकोनं माझा हात धरला. माझ्या हातात आमटीचा चमचा होता, तो तसाच राहिला. "पण एक विचारू? यात अस्वलाचं घोरणं नाहीये हो. ते हवंच. नुसतं घोरणं वेगळं रेकॉर्ड करून पाठवाल?"

बायकोनं माझा हात सोडला.

त्या रात्री मी माईकसमोर पडून घोरायचा प्रयत्न केला. जागेपणी घोरणं किती कठीण आहे हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. पहिला प्रयत्न बायकोला प्रेशर कुकरसारखा वाटला. दुसरा ऐकून सासूबाई म्हणाल्या, "हे आमचे जावई नाहीत." मग खरंच झोपायचं ठरवलं, तर दोन बायका डोक्याशी माईक धरून बसलेल्या असताना कुणाला झोप येणार? शेवटी स्टुडिओवाल्या बाईंनीच जुन्या रेकॉर्डिंगमधून माझं घोरणं, जिथं बायको श्वास घ्यायला थांबली होती त्या जागांवरून, वेचून वेचून काढलं आणि नेमकं गुहेत बसवलं.

पुस्तक बाहेर आलं. बायकोला आता कामाची तीन पुस्तकं रांगेत आहेत आणि रजया कायमच्या टांगलेल्या आहेत. मी रोज एक गोळी घेतो, खोक्यावरचं बारीक नाव मोठ्यानं वाचून घेतो. ऑफिसात मी सगळ्यांना ते घोरणं ऐकवलं. साहेब म्हणाले, "प्राणिसंग्रहालयात जाऊन केलं असणार. माणसाला जमायचं नाही." मी म्हटलं, तो मीच आहे. ते म्हणाले, "बरं, बरं," आणि फाइल पुढं केली.

म्हटलं, मोठ्या माणसांना कलेतलं कळत नाही. खरे श्रोते लहान मुलं. इमारतीतल्या पोरांना सासूबाईंनी ते ऐकवलं होतं आणि अस्वल आमच्या घरचंच आहे म्हणून सांगितलं होतं. आणि परवा रविवारी खरोखरच बेल वाजली. दार उघडलं तर इमारतीतली चिमुरडी पोरं जिन्यात गर्दी करून उभी. खालच्या मजल्यावरची सगळ्यात धाकटी पुढं आली आणि मान वर करून म्हणाली, "अस्वल घरी आहे का? आम्हाला बघायचंय."

माझा ऊर भरून आला. मी सदरा नीट केला, उरल्यासुरल्या केसांवरून हात फिरवला, दारात जरा ऐसपैस उभा राहिलो आणि म्हणालो, "आहे ना! मीच तो!"

तिनं मला टकलापासून चपलांपर्यंत नीट बघितलं. पुन्हा एकदा बघितलं. मग मागं वळून बाकीच्यांना म्हणाली, "चला रे, अस्वल घरी नाहीये."